ब्रॅडमनच्या एक धाव अलीकडे

जानेवारी 1930 मध्ये सिडनीच्या मैदानावर डॉन ब्रॅडमननं न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलंडविरुद्ध नाबाद 452 धावा केल्या. पुढची 29 वर्षं प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये या आकड्यापलीकडे कुणालाच जाता आलं नाही. डिसेंबर 1948 मध्ये पुण्याच्या पूना क्लब मैदानावर कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर 443 पर्यंत पोचले आणि तिथंच थांबले. 2011-12 च्या मोसमात, कूच बिहार करंडकाच्या 19 वर्षांखालील सामन्यात, जालन्याचा विजय झोल आसामविरुद्ध 451 पर्यंत पोचला आणि तोही तिथंच थांबला. दोघंही महाराष्ट्राकडून खेळत होते, दोघंही नाबाद राहिले. एक 452 च्या नऊ धावा अलीकडे, दुसरा एक धाव अलीकडे.

अशा योगायोगांतून अर्थ काढायचा नसतो, हे मला कळतं. पण आकडेवारीच्या वहीत हे तीन आकडे एकाखाली एक लिहून पाहा: 443, 451, 452. आणि मग मधल्या आकड्याचा धनी त्या वेळी सतरा वर्षांच्या आसपासचा होता, हे लक्षात घ्या. सतराव्या वर्षी बहुतेकांना पुस्तक उघडून दोन तास एका जागी बसवत नाही. हा पोरगा 467 चेंडू खेळला.

तुलनेला दम यावा म्हणून आधी निंबाळकरांची गोष्ट सांगायला हवी. ती आपल्याकडे जितकी सांगितली जायला हवी होती तितकी सांगितली गेलेली नाही. रणजी करंडकाचा सामना होता, समोर काठियावाडचा संघ. काठियावाडच्या पहिल्या डावात 238 धावा झाल्या. उत्तरादाखल महाराष्ट्रानं जो डाव सुरू केला तो संपेचना. के. व्ही. भांडारकर यांनी 205 केल्या, त्यांची आणि निंबाळकरांची दुसऱ्या गड्यासाठीची भागीदारी 455 धावांची झाली. निंबाळकर 494 मिनिटं खेळपट्टीवर होते. 49 चौकार, एक षटकार. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा महाराष्ट्राच्या 4 बाद 826 धावा होत्या. काठियावाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. त्यांनी सांगितलं की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघतो. ब्रॅडमनचा विक्रम हाकेच्या अंतरावर आहे, दोन-तीन षटकं खेळू द्या, ही महाराष्ट्राची विनंती त्यांनी मानली नाही. काठियावाडनं सामना सोडून दिला आणि निंबाळकरांच्या नावापुढे 443 हा आकडा कायमचा राहिला. प्रथम श्रेणी क्रिकेटमधली भारतीय फलंदाजाची ती सर्वोच्च खेळी. निंबाळकर कधीही कसोटी खेळले नाहीत. 2012 च्या डिसेंबरमध्ये ते गेले, म्हणजे झोलचा 451 हा आकडा वर्तमानपत्रांत छापून आला तेव्हा ते हयात होते.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. झोलच्या 451 धावा प्रथम श्रेणीत मोजल्या जात नाहीत. कूच बिहार करंडक हा राज्य संघांच्या 19 वर्षांखालील मुलांचा, चार-चार दिवसांच्या सामन्यांचा. कूच बिहारच्या राजघराण्यानं दिलेल्या या करंडकासाठी 1945-46 पासून शालेय मुलं खेळत असत. 1987-88 पासून ती 19 वर्षांखालील स्पर्धा झाली. त्यामुळे निंबाळकर आणि झोल यांची नावं एका तक्त्यात येत नाहीत. नियम म्हणून हे बरोबर आहे. मुलांच्या गोलंदाजीवर केलेल्या धावा आणि पुरुषांच्या गोलंदाजीवर केलेल्या धावा यांत फरक असतोच. पण चेंडू तेवढाच टणक असतो, खेळपट्टी तेवढीच लांब असते आणि ऊन तर वय विचारत नाही.

कूच बिहार करंडकाची एक दंतकथाही आहे. 1999-2000 च्या अंतिम सामन्यात, जमशेदपूरला, बिहारच्या पहिल्या डावात 357 धावा झाल्या. त्यांत महेंद्रसिंग धोनी नावाच्या मुलाच्या 84 होत्या. उत्तरात पंजाबच्या एकट्या युवराजसिंगनं 358 केल्या. अख्ख्या संघापेक्षा एक जास्त. युवराज डावखुरा. बारा वर्षांनी त्याच स्पर्धेत त्याच्याही पुढं जवळजवळ शंभर धावा गेलेला झोलही डावखुरा. आणि ज्या ब्रायन लारानं 6 जून 1994 रोजी एजबॅस्टनला डरॅमविरुद्ध नाबाद 501 करून जगातल्या सगळ्यांना मागं टाकलं, तोही डावखुरा. विजय झोलचा जन्म त्याच वर्षातला, 23 नोव्हेंबर 1994, जालना. लाराला त्या 501 साठी 427 चेंडू लागले होते.

डावखुऱ्यांचं हे काय आहे? थोडं गूढ वाटतं, पण कारणं साधी आहेत. बहुतेक गोलंदाज लहानपणापासून उजव्या हाताच्या फलंदाजांना टाकत मोठे होतात. त्यांची दिशा, टप्पा, क्षेत्ररचना सगळं त्याच सवयीनं बसलेलं असतं. समोर डावखुरा आला की सगळं उलटं करावं लागतं. त्यातून दुसऱ्या टोकाला उजव्या हाताचा फलंदाज असेल तर प्रत्येक एकेरी धावेनंतर पुन्हा बदल. क्षेत्ररक्षक इकडून तिकडे चालत राहतात, गोलंदाजाचा टप्पा पाव फूट इकडचा तिकडे होतो, आणि फलंदाजाला तेवढंच पुरतं. दिवसभरात हे दीडशे वेळा घडलं तर गोलंदाजी करणारा संघ कसा दमत असेल, याची कल्पना करता येते. आसामच्या त्या मुलांबद्दल मला नेहमी वाटतं की त्यांच्या बाजूनंही कुणीतरी हा सामना लिहायला हवा होता. 451 धावा कुणाच्या तरी गोलंदाजीवर होतात, आणि चेंडू अडवायला, सीमारेषेपर्यंत पळायला कुणीतरी असतंच.

आता त्या 467 चेंडूंकडे येऊ, कारण खरं आश्चर्य तिथं आहे.

467 चेंडू म्हणजे 77 षटकं आणि 5 चेंडू. हे फक्त त्यानं स्वतः खेळलेले. समोरच्या टोकाला जो कुणी होता त्याच्या वाट्याला साधारण तितकेच चेंडू गेले असं धरलं, तर संघाची दीडशेच्या आसपास षटकं होतात. दिवसाला 90 षटकं हा क्रिकेटचा नेहमीचा मापदंड. म्हणजे ढोबळ हिशेबानं हा मुलगा दीड दिवसाच्या आसपास मैदानावर पॅड बांधून उभा होता. चार दिवसांच्या सामन्यात 80 षटकांनंतर नवा चेंडू घेता येतो. जुना झालेला, मऊ पडलेला चेंडू डोळ्याला सवयीचा झाला की अचानक लाल, चकचकीत, वळणारा, उसळणारा चेंडू समोर येतो, तेही तुम्ही दमलेले असताना. दीड दिवस उभं राहणाऱ्याला हे चुकत नाही.

वेगाचं गणित आणखी गमतीचं आहे. खेळपट्टी 22 यार्डांची, म्हणजे 20.12 मीटर, पण फलंदाजीच्या एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंतचं अंतर 58 फूट, म्हणजे सुमारे 17.7 मीटर. या वयाचा बऱ्यापैकी वेगवान गोलंदाज ताशी 120 किलोमीटरनं चेंडू टाकत असेल तर तो चेंडू सेकंदाला 33 मीटर जातो. हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत यायला त्याला अर्ध्या सेकंदाहून जरासाच जास्त वेळ लागतो. फिरकी गोलंदाजाचा चेंडू ताशी 80 किलोमीटरच्या आसपास, त्याला पाऊण सेकंदाच्या वर. दोन्हींची सरासरी काढून प्रत्येक चेंडूला अंदाजे 0.65 सेकंद धरा. 467 गुणिले 0.65. उत्तर येतं 303 सेकंद.

पाच मिनिटं!

दीड दिवसाच्या फलंदाजीत चेंडू त्याच्याकडे प्रत्यक्ष येत होता तो एकूण वेळ फक्त पाच मिनिटांचा. त्या पाच मिनिटांत 467 निर्णय घ्यायचे. पुढं जायचं की मागं, खेळायचं की सोडायचं, हवेतून की जमिनीवरून. एकही निर्णय असा चुकवायचा नाही की डाव संपेल. क्रिकेटमध्ये फलंदाजाला दुसरी संधी नसते; हॉकीपटूचा पास चुकला तर तो पुढच्या मिनिटाला भरपाई करतो, फलंदाजाची एक चूक म्हणजे तंबूची वाट. आणि बाकीचा सगळा वेळ काय करायचं? तर वाट पाहायची. गोलंदाज आपल्या जागेवर परत चालत जातो, कर्णधार क्षेत्ररक्षक हलवतो, षटक बदलतं, पाणी येतं, जेवण होतं, चहा होतो, रात्र होते, सकाळ होते. माळ्यावर बसून ज्वारी राखणाऱ्याला जसं दिवसभर काहीच करायचं नसतं, पण पाखरांचा थवा उतरला त्या क्षणी डुलकी लागलेली चालत नाही, तसं हे काम.

म्हणून मोठ्या डावांचं खरं कौशल्य मन बंद-चालू करण्यात असतं. ऑस्ट्रेलियाचे ग्रेग चॅपेल यांनी आपल्या एकाग्रतेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. दोन चेंडूंच्या मधल्या वेळात नुसतं सावध राहायचं, गोलंदाज धावू लागला की लक्ष त्याच्यावर आणायचं, आणि चेंडू सुटताना सगळी ताकद त्या एका क्षणावर लावायची. चेंडू खेळून झाला की पुन्हा पहिल्या पायरीवर. जो दिवसभर तिसऱ्याच पायरीवर राहतो तो चहापर्यंत संपतो. हे चाळिशीच्या माणसाला समजावून सांगता येतं. सतरा वर्षांच्या मुलाला ते अंगानं जमणं ही मला धावांच्या आकड्यापेक्षाही मोठी गोष्ट वाटते. आणि त्यात त्यानं सावकाशही खेळलेलं नाही. 467 चेंडूंत 451 म्हणजे शंभर चेंडूंना जवळजवळ 97 धावा, एकदिवसीय सामन्याची गती. धावण्याचा हिशेब वेगळाच. पळून काढलेल्या दर शंभर धावांना पावणेदोन किलोमीटर, हेल्मेट-पॅडसकट, प्रत्येक टोकाला थांबून वळून. शिवाय जोडीदाराच्या धावा पळायच्या त्या निराळ्या.

हे सगळं जालन्याच्या मुलानं करावं, यात आणखी एक नवल आहे. जालना म्हटलं की डोळ्यापुढं रोलिंग मिल येतात, सळई येते, मोंढा येतो, मोसंबी येते. बियाण्यांच्या धंद्यात या गावाचं नाव देशभर आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथं महिको सुरू केली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जुने लोक ‘जालना, सोने का पालना’ म्हणतात ते व्यापारावरून. क्रिकेट त्या म्हणीत कुठंच नाही. 1 मे 1981 ला जिल्हा झालेलं हे गाव पुण्यापासून तीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि महाराष्ट्र क्रिकेटचा सगळा कारभार पुण्यात. मुंबईच्या मुलाला लोकल पकडून मैदान गाठता येतं. जालन्याच्या मुलाला निवड चाचणीसाठी रात्रभराचा प्रवास.

इथं क्रिकेटचा नकाशा आणि राजकीय नकाशा यांचा एक मजेशीर गुंता आहे. महाराष्ट्र राज्यातून रणजीत तीन संघ खेळतात: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. जालना महाराष्ट्राच्या वाट्याला. पण जालन्याहून तीस-पस्तीस किलोमीटरवर असलेलं सिंदखेड राजा बुलडाणा जिल्ह्यात, म्हणून विदर्भाच्या वाट्याला. एकाच बाजारात कापूस विकणाऱ्या दोन घरांतली दोन मुलं दोन वेगळ्या संघांच्या दारात उभी राहतात. त्या विदर्भानं 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असा तीनदा रणजी करंडक जिंकला. महाराष्ट्रानं तो दोनदा जिंकला, पण कधी? 1939-40 आणि 1940-41, प्रा. दि. ब. देवधरांच्या कर्णधारपदाखाली. तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होतं.

त्या देवधरांच्या संघाचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राकडून झोलचं पदार्पण 2013-14 च्या मोसमात झालं. त्रिपुराविरुद्ध, नाबाद 200. पहिल्याच प्रथम श्रेणी सामन्यात द्विशतक करणारे भारतीय अगदी मोजके. त्यात गुंडाप्पा विश्वनाथ आहेत, अमोल मुझुमदार आहेत. 451 हा अपघात नव्हता, एवढं तरी या एका डावानं सिद्ध झालं.

त्याआधी तो जगज्जेता होऊन चुकला होता. ऑगस्ट 2012 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलला भारतानं यजमानांना हरवून 19 वर्षांखालील विश्वचषक जिंकला, उन्मुक्त चंदच्या नाबाद 111 धावांच्या जोरावर. झोल त्या संघात होता. पुढच्या वर्षी तो कर्णधार झाला. डार्विनला तिरंगी मालिका जिंकली. आणि मग आला जानेवारी 2014.

तो महिना नीट पाहण्यासारखा आहे. पहिल्या आठवड्यात शारजात आशिया चषकाचा अंतिम सामना, समोर पाकिस्तान. कर्णधार झोलच्या 100, संजू सॅमसनच्याही 100, भारताच्या 8 बाद 314. पाकिस्तान 9 बाद 274 वर थांबला. चाळीस धावांनी विजय. तिथून थेट मुंबई. दुसऱ्या आठवड्यात वानखेडेवर रणजीची उपांत्यपूर्व फेरी, समोर आदल्या वर्षी चाळिसाव्यांदा करंडक जिंकलेली मुंबई. मुंबईच्या पहिल्या डावात 402, महाराष्ट्राच्या 280. इथं सामना संपल्यात जमा होता. मुंबईचा दुसरा डाव 129 वर कोसळला. तरीही चौथ्या डावात 252 करायच्या होत्या, वानखेडेवर, मुंबईविरुद्ध. केदार जाधव नाबाद 120, विजय झोल नाबाद 91. महाराष्ट्र आठ गडी राखून जिंकला. वन-डेच्या पांढऱ्या चेंडूवरून आठवड्याभरात चार-पाच दिवसांच्या लाल चेंडूवर यायचं, वाळवंटातून समुद्रकाठी, मुलांच्या संघाच्या कर्णधारपदावरून मोठ्यांच्या संघातल्या धाकट्या जागेवर. एकोणिसाव्या वर्षी.

महाराष्ट्र त्या वर्षी अंतिम फेरीत गेला. सामना हैदराबादला झाला आणि कर्नाटकानं तो जिंकला.

फेब्रुवारीत संयुक्त अरब अमिरातीत विश्वचषक. झोलच्या हाताखालचा तो भारतीय संघ आज आठवला की गंमत वाटते: संजू सॅमसन उपकर्णधार, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव, सर्फराझ खान, दीपक हुडा, आवेश खान. कुलदीपनं स्कॉटलंडविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली. गटात पाकिस्तानला पुन्हा चाळीस धावांनीच हरवलं. आणि उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडनं तीन गडी राखून भारताला बाहेर काढलं. चषक एडन मार्करमच्या दक्षिण आफ्रिकेनं नेला.

झोल आयपीएलच्या रॉयल चॅलेंजर्स बंगळूरु संघात गेला. महाराष्ट्राकडून खेळत राहिला. भारताच्या वरिष्ठ संघापर्यंत मात्र तो पोचला नाही.

इथं बहुतेक लेख सुस्कारा टाकतात. मला ते पटत नाही, कारण सुस्काऱ्यामागं गणिताची चूक आहे. 19 वर्षांखालील विश्वचषक साधारण दर दोन वर्षांनी होतो. दहा वर्षांत पाच, प्रत्येकी पंधरा मुलं, म्हणजे पंच्याहत्तर. वरिष्ठ संघात जागा अकरा, आणि त्यांतल्या बऱ्याच एकेका माणसाकडे दहा-दहा वर्षं असतात. दार अरुंद आहे आणि आतले लवकर बाहेर येत नाहीत. 2008 चा कर्णधार विराट कोहली. पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पण 2010 चा अशोक मेनारिया, 2012 चा उन्मुक्त चंद आणि 2014 चा विजय झोल, असे लागोपाठ तीन कर्णधार भारताकडून कधीच खेळले नाहीत. तिघांतल्या एकानं तर विश्वचषक जिंकून दिला होता. पदार्पणात 260 करणारे मुझुमदार प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा करूनही भारताकडून खेळले नाहीत. नोव्हेंबर 2025 मध्ये नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचे प्रशिक्षक तेच होते.

खेळाडूच्या कारकिर्दीचा एकच आकार असतो, हा आपला समज टीव्हीनं करून दिलेला आहे. फ्रान्सचा हँडबॉलपटू निकोला काराबातिच पाहा: 2008, 2012 आणि टोकियो अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं, चार विश्वविजेतेपदं, आणि वयाच्या चाळिशीत पॅरिस ऑलिंपिकनंतर निवृत्ती. लांबच लांब पठार. ते थोरच. पण एखाद्या कारकिर्दीचं सर्वांत उंच टोक सतराव्या वर्षी असू शकतं, आणि त्यानं ते टोक ठेंगणं होत नाही.

मराठवाड्यापुरतं बोलायचं तर आणखी एक गोष्ट दिसते. डिसेंबर 2001 मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत तीन भारतीयांनी पदार्पण केलं. त्यांतले दोघं मराठवाड्यात जन्मलेले: बीडचा संजय बांगर आणि औरंगाबादचा इक्बाल सिद्दिकी. मग मोठी पोकळी. झोलनंतर 2022 च्या विश्वविजेत्या 19 वर्षांखालील संघात तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर होता. 2024 मध्ये बेनोनीला दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात बीडच्या सचिन धसनं 96 केल्या, कर्णधार उदय सहारनबरोबर 171 धावांची भागीदारी रचली आणि हरत आलेला सामना काढला. म्हणजे 2012, 2014, 2022, 2024: मराठवाडा एकोणीस वर्षांपर्यंतची मुलं तयार करतो, हे आता सिद्ध आहे. विसाव्या वर्षानंतर त्यांना रोजचा सराव, टर्फ विकेट, फिजिओ आणि चांगली गोलंदाजी घरापासून जवळ मिळते का, हा प्रश्न जालना, बीड, धाराशिवच्या लोकांनी विचारायचा आहे, आणि तो पुण्यालाच विचारायचा आहे.

451 चं पुढं काय झालं? जानेवारी 2024 मध्ये शिवमोग्याला कूच बिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात कर्नाटकाच्या प्रखर चतुर्वेदीनं मुंबईविरुद्ध नाबाद 404 केल्या आणि अंतिम सामन्यातला युवराजचा 358 चा विक्रम मोडला. 404 साठी त्याला 638 चेंडू लागले. त्या दिवशी देशभरच्या बातम्यांत एक जुनं नाव पुन्हा छापून आलं, कारण स्पर्धेच्या यादीत चतुर्वेदी दुसऱ्या क्रमांकावर होता. पहिल्या क्रमांकावर विजय झोल, महाराष्ट्र, 451 नाबाद, आसामविरुद्ध.